घरी ऑइल बदलणं: अक्कल की चिंधीगिरी?

टिळकवाडीकर: इथं बेळगावात आमच्या गल्लीत एकजण दर वर्षी कारखाली पालथा पडून स्वतः ऑइल बदलतो. पाच-सातशे वाचवायला लाखाच्या इंजिनाशी खेळ. ह्याला चिंधीगिरी म्हणतात. सर्व्हिस सेंटर कशाला काढलीत मग?

उद्यमबागवाला: डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. दादा, तुम्ही गाडी आत देता आणि एसीत बसून कॉफी पिता. आत काय चालतंय बघितलंय कधी? मी एकदा फिल्टरवर खिळ्यानं बारीक खूण करून गाडी दिली. बिलात फिल्टर नवा, वायसर नवा, वर कसलंसं क्लीनिंग. घरी येऊन वाकून बघतो तर खूण जागच्या जागी! विचारलं तर म्हणे, ‘सर, सिस्टममध्ये चेंज दाखवतंय.’ तेव्हापासून इंजिनखालच्या ऑइल चेंबरचा बोल्ट मीच उघडतो.

आणि काम तरी केवढं? तिसऱ्या रेल्वे गेटपर्यंत एक फेरी मारून आणायची, ऑइल पातळ होतं आणि गाळ घेऊन खाली येतं. फार तापवायचं नाही, हात भाजतो. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, आणि गाडी जॅकनं उचलून लोखंडी स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणाऱ्याला मीच पहिला ओढून बाहेर काढीन. बोल्ट सुटला की पहिली धार सरळ खाली न पडता लांब उडते, म्हणून घमेलं थोडं पुढं सरकवून ठेवायचं. जुना फिल्टर काढल्यावर इंजिनच्या तोंडावर बोट फिरवून बघायचं, त्याची रबरी रिंग तिथंच चिकटलेली असते कधीकधी. तिच्यावर नवा फिल्टर चढवलात तर दोन रिंगा होतात, आणि गाडी चालू केली की ऑइल अंगणभर. नव्या रिंगेला थोडं ऑइल लावून फिल्टर हातानंच आवळायचा. ऑइल एकदम ओतायचं नाही, ऑइल मोजायची पट्टी बघत बघत घालायचं. संपलं.

कॅम्पातला काका: हातात टॉर्क पाना, म्हणजे जोर मोजून आवळायचा पाना, घेऊनच जन्मलेल्या उद्यमबागवाल्यांनी जगाला शहाणपण शिकवू नये. माझ्या मेव्हण्याच्या पोरानं असाच व्हिडिओ बघून ऑइल बदललं. बोल्ट गळू नये म्हणून पान्याला पाईप लावून आवळला. चेंबर ॲल्युमिनियमचा, आटे गेले. त्याला वाटलं, बसला घट्ट. खानापूर ओलांडून लोंढ्याच्या रस्त्याला लागला आणि ऑइल गळून लाल दिवा पेटला. बंद करावी की नाही? ‘घर गाठू कसंतरी’ म्हणून तशीच चालवली. इंजिन जाम. गाडी टोचन लावून आणली, तो खर्च वेगळाच. सांगा आता, वाचले ते पाच-सातशे कुठं गेले?

उद्यमबागवाला: काका, स्विफ्टच्या मॅन्युअलमध्ये तो बोल्ट आवळायचा जोर ३५ न्यूटन-मीटर लिहिलाय. पाईप लावा असं कुठं लिहिलंय? आणि ऑइलचा लाल दिवा लागल्यावर गाडी हाकली, हे पाप बोल्टचं?

कॅम्पातला काका: पोरगं आमचं होतं, म्हणून पाप आमचंच. बस्स? खरं प्रत्येकाकडं टॉर्क पाना असतोय काय?

येळ्ळूरकर: तुमचं आटे-बोल्ट चालू दे. काढलेलं काळं ऑइल कुठं जातंय, ते एकानं तरी लिहिलंय? गटारात जातंय. गटार बळ्ळारी नाल्यात, आणि पावसाळ्यात नाला फुगला की आमच्या भातात. पाणी ओसरल्यावर रोपांच्या बुडाला काळा तेलकट पट्टा राहतोय. उपटून हातात घ्या, साबणानं धुतलं तरी वास जात नाही. पाहुण्यांना द्यायला बेळगावची बासमती पाहिजे, आणि तिच्या मुळात हे ओतायचं!

सेंट्रिंगवाला: गटारात कोण ओतालंय? आम्ही गॅरेजमधनं कॅन विकत आणतो, स्लॅबच्या प्लेटांना लावायला, काँक्रीट चिकटू नये म्हणून. काही वाया जात नाही.

येळ्ळूरकर: आणि स्लॅबवर वळवाचा पाऊस पडला की ते धुऊन कुठं जातंय? आभाळात?

उद्यमबागवाला: सेंट्रिंगवाले, तुमच्या त्या काळ्या ऑइलमुळं माझ्या छताला डाग पडलेत आणि गिलावा धरत नाही. त्यासाठी वेगळं शटरिंग ऑइल मिळतं.

सेंट्रिंगवाला: मिळतंय की. त्याचा दर सांगितला की तुमच्यासारखेच म्हणतात, जुनं लाव रे. बिल द्यायच्या वेळी कुणाला गिलावा आठवत नाही.

येळ्ळूरकर: २०१६ च्या नियमात वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरलंय. परवाना असलेल्या रिसायकलरकडंच गेलं पाहिजे.

कॅम्पातला काका: आणि शेतकरी गोठ्याच्या मेढीला वाळवी लागू नये म्हणून काय लावतात ते सांगू काय?

येळ्ळूरकर: लावतो. चार मेढी. तुमच्या अख्ख्या शहराच्या गाड्या आणि माझ्या चार मेढी एकाच मापानं मोजा, मग झोपा निवांत.

निपाणीचा: मूळ मुद्दा मेला काय? घरी ऑइल बदललं की वॉरंटी जाते म्हणून सेंटरवाले घाबरवतात, त्याचं सांगतो. २०१४ साली स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोकला होता. बाहेर काम केलं तर वॉरंटी रद्द, ही अटही त्यात आयोगाच्या डोळ्यांवर आली होती. पुढं कंपन्या अपिलात गेल्या ते सोडा. काउंटरवरच्या पोराला तो निकाल वाचून दाखवून काही उपयोग नाही, त्याला सर्व्हिस बुकात सेंटरचा शिक्का पाहिजे. म्हणून वॉरंटीत असेपर्यंत मी तिथंच देतो. नंतर घरी.

टिळकवाडीकर: बरं, चिंधीगिरी शब्द मागं घेतो, नाहीतर उद्यमबागवाले पाना घेऊन दारात यायचे. गाडी मात्र मी सेंटरलाच देणार. फिल्टरवर खूण करून. खिळा कसला घ्यायचा तेवढं सांगा.

उद्यमबागवाला: खिळा नको, पत्रा चिरेल. आता पांढरा मार्कर वापरतो, तळाशी आतल्या बाजूला, पुसायला सुचणार नाही अशा जागी. आणि येळ्ळूरकर, माझं ऑइल त्याच कॅनमध्ये परत भरून गॅरेजच्या बॅरलमध्ये जातंय.

येळ्ळूरकर: आणि गॅरेजवाला ते बॅरल कुणाला देतोय, विचारलंय कधी?

सेंट्रिंगवाला: मला.