मदत हवी आहे: बोअरच्या खाऱ्या पाण्यात तारेवर फॉस्फेट आणि साबण नीट बसत नाही

नमस्कार मंडळी,

दर्यापूर तालुक्यात आमचे बोल्ट तयार करण्याचे लहान युनिट आहे. कमी कार्बनची ८ मिलिमीटरची वायर रॉड आणून आम्ही ती डायमधून (कठीण धातूच्या साच्यातल्या बारीक भोकातून) एकाच पासमध्ये, म्हणजे एकाच ओढीत, ७.१ मिलिमीटरपर्यंत ओढतो, म्हणजे काटछेद साधारण २१ टक्क्यांनी कमी होतो, आणि हेडिंग मशीनवर (तारेचे टोक थंडच ठोकून डोके घडवणाऱ्या यंत्रावर) त्या तारेचे एम ८ म्हणजे ८ मिलिमीटर मापाचे बोल्ट पाडतो. आटे कापून न काढता रोलिंगने उठवतो, म्हणून तार बोल्टच्या मापापेक्षा बारीक लागते. माल वखर, डवरे, पेरणी यंत्रे आणि ट्रॉल्या बांधणाऱ्या आसपासच्या वर्कशॉपमध्ये जातो आणि मृगाच्या तोंडावर मागणी इतकी असते की मशीन बंद ठेवून प्रयोग करायला सवड मिळत नाही.

ओढण्याआधीची आमची पद्धत अशी आहे. रॉडवरची काळी खपली हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीत काढतो, दोन टाक्यांत पाण्याने धुतो, ७० ते ७५ अंशांवरच्या झिंक फॉस्फेटच्या टाकीत कॉइल ८ ते १० मिनिटे बुडवतो, पुन्हा धुतो, ७५ ते ८० अंशांच्या सोडियम स्टिअरेट साबणात ५ मिनिटे ठेवतो आणि वाळवून यंत्रावर घेतो. गेल्या हिवाळ्यापर्यंत पाणी टँकरने येत असे. टँकर परवडेनासा झाल्यावर आवारात बोअर मारला आणि त्यानंतर तक्रारी सुरू झाल्या. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या पाण्याविषयी वेगळे सांगायला नको. त्याचा चहा आमचे कामगारही पीत नाहीत.

आता लक्षणे सांगतो. पूर्वी फॉस्फेटचा थर एकसारखा राखाडी आणि बोटाला मऊ लागणारा असे. आता उजेडात धरल्यावर मोठे चकाकणारे कण दिसतात, मधल्या जागी पिवळसर गंज धरतो आणि वेटोळी एकमेकांना चिकटून राहतात तिथे तर उघड्या लोखंडाचा पट्टाच उरतो. साबणाच्या टाकीवर दह्याच्या साईसारखा चोथा तरंगतो. तो जाळीने काढला तरी तासाभरात पुन्हा जमतो. डायमधून निघालेल्या तारेवर लांबच लांब ओरखडे येतात, डाय लवकर तापते आणि हेडिंगच्या वेळी बोल्टच्या डोक्याखालचा भाग खरवडून निघतो. फॉस्फेटच्या टाकीचे टायट्रेशन (द्रावणातले ॲसिड मोजण्याची चाचणी) आम्ही रोज करतो: टोटल ॲसिड (एकूण ॲसिड) मर्यादेत आहे, मात्र फ्री ॲसिड (त्यातले मोकळे ॲसिड) हळूहळू वर सरकते आहे. टाकीच्या तळाशी गाळही पूर्वीपेक्षा जास्त बसतो. दोन्ही गरम टाक्यांखाली पऱ्हाटीच्या ब्रिकेटची भट्टी आहे, कारण भारनियमनामुळे विजेच्या हीटरवर विसंबता येत नाही.

रसायन देणारे म्हणतात की केमिकलच बदला. मला ते पटत नाही, कारण तेच केमिकल टँकरच्या पाण्यात व्यवस्थित चालत होते. माझे प्रश्न असे: सॉफ्टनर (पाण्याची कठीणता काढणारे यंत्र) बसवून भागेल की आरओच (पाण्यातले क्षारही गाळणारे यंत्र) लागेल? आणि एवढ्याशा ओढकामाला फॉस्फेट सोडून चुना आणि ड्रॉइंग पावडर (ओढताना लावायची कोरडी साबण पावडर) वापरली तर चालेल का? ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

भाऊ, तुमच्याकडे एक नव्हे, दोन दोष एकाच वेळी आले आहेत असे मला वाटते, आणि ते वेगळे काढल्याशिवाय खर्च करू नये.

साबणावरचा चोथा हा निःसंशय पाण्याचा दोष आहे. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडियम स्टिअरेटला पकडून न विरघळणारा साबण तयार करतात आणि तोच वर तरंगतो. वंगणाचे खरे काम झिंक स्टिअरेट करते, आणि ते तारेवरच्या झिंक फॉस्फेटशी सोडियम साबणाची अभिक्रिया होऊन तयार होते. तुमचा साबण तारेपर्यंत पोहोचण्याआधीच पाण्यात खर्ची पडतो. फॉस्फेट स्वतः वंगण नाही, तो वंगणाला धरून ठेवणारा थर आहे. गंज अडवण्यासाठी आलेले हे तंत्र थंड ओढकामात १९३० च्या दशकात जर्मनीत आले ते याच गुणामुळे.

फ्री ॲसिडचे दुखणे मात्र मी पाण्यावर ढकलणार नाही. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असते, त्याने फ्री ॲसिड कमी व्हायला हवे. तुमचे तर वाढते आहे. त्याची दोन कारणे संभवतात. एक म्हणजे धुण्यात कसूर राहून ॲसिड कॉइलबरोबर पुढच्या टाकीत जाते. त्याबरोबर लोह आणि क्लोराइडही जाते, आणि क्लोराइडमुळे कणांच्या फटीत गंज धरतो. दुसरे म्हणजे टाकीचा तळ थेट जाळावर आहे. तळाशी द्रावण ठरलेल्या तापमानाच्या वर गेले की झिंक फॉस्फेट तारेवर बसण्याऐवजी द्रावणातच गाळ होऊन खाली बसते आणि मागे मोकळे फॉस्फोरिक ॲसिड सोडते. गाळ वाढणे आणि फ्री ॲसिड वाढणे ही जोडी त्यामुळेच एकत्र दिसते. साबणाची टाकी जाळावर राहू द्या, फॉस्फेटची टाकी मात्र दुसऱ्या भांड्यात तापवलेल्या पाण्याची नळी आत फिरवून गरम करा.

सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो. मीठ तो काढत नाही. पाणी फार खारे असले तर सॉफ्टनरमधूनही थोडी कठीणता निसटते, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. म्हणून ॲसिडनंतरचे पहिले धुणे बोअरच्या पाण्याने करा, तर फॉस्फेटच्या आधीचे शेवटचे धुणे, फॉस्फेटच्या टाकीत भर घालायचे पाणी आणि साबणाची टाकी एवढ्यालाच आरओचे पाणी ठेवा. शेवटच्या टाकीतले पाणी उलट्या दिशेने पहिल्या टाकीत सोडले तर पाणी निम्म्यानेही लागणार नाही. फॉस्फेटनंतरच्या धुण्यात किंचित बोरॅक्स घातले की उरलेले ॲसिड मरते. नाहीतर तेही साबण फोडते. कॉइल बांधताना वेटोळी सैल ठेवा आणि बुडवल्यावर एकदा हलवा. उघड्या पट्ट्याला दुसरे औषध नाही.

चुन्याबद्दल: २१ टक्क्यांच्या एका पासला चुना आणि कॅल्शियम स्टिअरेटची पावडर पुरते. पण तुमचा खरा ताण डायमध्ये नाही, हेडिंगमध्ये आहे. साध्या गोल डोक्याच्या बोल्टला कदाचित चालून जाईल, षटकोनी डोक्याला मी फॉस्फेट सोडणार नाही.

प्रतिसाद २

वरच्या उत्तराशी सहमत आहे. एक तपासणी सुचवतो. साबणानंतर वाळलेला तारेचा तुकडा वजन करून गरम पाण्यात धुवा, वाळवा आणि पुन्हा वजन करा; जेवढे वजन घटले तेवढा मोकळा साबण. मग तोच तुकडा द्रावकात धुऊन परत वजन करा. आता घटलेला भाग धातूचा साबण, म्हणजे वर सांगितलेले झिंक स्टिअरेट, असतो. दुसरा आकडा नगण्य आला तर अभिक्रियाच होत नाही असे समजावे. फॉस्फेटचा थर काढून मोजण्यासाठी क्रोमिक ॲसिड लागते, ते विषारी असल्याने एखाद्या तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत करून घ्यावे. तळाचा गाळ नाल्यात सोडू नये. तो धोकादायक कचऱ्यात मोडतो आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राच्या अटींप्रमाणेच त्याची विल्हेवाट लावावी लागते.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. फॉस्फेटच्या टाकीखालची भट्टी आधी काढतो आणि आठवडाभर फ्री ॲसिडचे आकडे पाहतो, मग आरओचा विचार करतो. शेडचा पत्रा ३०० चौरस मीटर आहे, म्हणजे एका मिलिमीटर पावसाला सुमारे ३०० लिटर पाणी मिळेल. ते साठवण्यासाठी सिमेंटची टाकी बांधली तर चालेल का?

प्रतिसाद १

नवी सिमेंटची टाकी पाण्यात चुना सोडते आणि तुम्ही पुन्हा चोथ्यापाशी याल. प्लास्टिकची घ्या, आणि मोसमातल्या पहिल्या एक-दोन सरींचे पाणी पत्रा धुऊन जाऊ द्या. ते साठवू नका.