सर्व स्थितीत उपकारस्तुती : आशा की तोंड बंद करण्याची रीत?

उपासक_नगर (धागाकर्ता)

प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्रात लिहिलं, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा," म्हणजे देवाचे आभार माना. आमच्याकडे हे वचन घरोघरी भिंतीवर असतं, आणि आपण ते फार स्वस्तात वापरतो असं माझं मत आहे. कुणाची नोकरी गेली, कुणाला कॅन्सर निघाला, की लगेच "आभार मान, देवाची योजना आहे." समोरच्याला धड रडूही देत नाही.

बायबल अशी घाई करत नाही. स्तोत्रसंहितेचा, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकाचा, जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही, तरी ते प्रार्थना म्हणून जपलं गेलं. मेलेल्या मित्राला, लाजराला, उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला. पकडला जाणार त्या रात्री त्याने भाकर हातात घेऊन आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशी वधस्तंभावरून "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असं विचारलं. आभार आणि आक्रोश एकाच तोंडून, एका दिवसाच्या आत. माझी आशा इथून येते. ज्या देवापुढे ओरडता येतं, त्याचेच आभार मला मनापासून मानता येतात.

पंडिता रमाबाईंकडे बघा. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली केडगावला घेऊन आल्या. उपाशी पोट म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. त्यांची कृतज्ञता विहिरी खणत होती, छापखाना चालवत होती. मला हवी ती उपकारस्तुती अशी.

निरीश्वर_पुणे

दादा, तुमच्या प्रामाणिकपणाचा आदर आहे. पण तुमच्याच उदाहरणातली एक गोष्ट तुम्ही घाईने ओलांडली. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे अखेरपर्यंत देवभक्त होते. तीर्थयात्रा केल्या, पुराणं सांगितली, जवळचं होतं ते दानधर्मात घालवलं, आणि उपासमारीत गेले. देवळात किंवा चर्चमध्ये उभं राहून साक्ष देतो तो वाचलेला माणूस. बुडालेल्यांची साक्ष कोण ऐकतं?

दुसरं, आभार मानायला माणसं पुरेशी आहेत. रात्रपाळीची नर्स, रक्त देणारा अनोळखी मुलगा, खिचडी शिजवणारी शेजारीण. त्यांचं श्रेय वर पाठवलं की त्यांच्या वाट्याला काय उरतं?

वसईची_आत्या

उपासक, मला तुझं विलापाचं म्हणणं अर्धंच पटतं. माझे यजमान गेले तेव्हा मी पुष्कळ रडले, देवाशी भांडलेही. पण रोज तेच करत राहिले असते तर घर बुडालं असतं, मुलं लहान होती. आमचे फादर म्हणाले, मन लागो न लागो, रात्री रोझरी (माळेची प्रार्थना) झाली की दिवसातल्या एका गोष्टीबद्दल आभार मान. कितीतरी दिवस ते नुसते शब्द होते. मग हळूहळू गोष्टी दिसायला लागल्या: मुलाला आलेली झोप, जाऊबाईंनी न सांगता पाठवलेला डबा. भाव आधी आणि आभार मागून, असं तुला वाटतं. माझ्या बाबतीत उलटं झालं.

आमच्याकडे पाऊस सरल्यावर नव्या भाताची कणसं चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. पीक आडवं झालं त्या वर्षीही नेतात. ते खोटं आहे असं म्हणशील का?

आणि पुणेकर भाऊ, त्या डब्याबद्दल मी जाऊबाईंचे पाय धरले. देवाचे आभार मानल्याने त्यांचं काही कमी झालं नाही.

कोपरगाव_परिवर्तन

सगळे घरातल्या दुःखाबद्दल बोलताहेत. मी बाहेरच्याबद्दल बोलतो.

माझे पणजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. नगर जिल्ह्यात 1831 पासून अमेरिकन मिशनने शाळा काढल्या, आमच्या आज्या अक्षर शिकल्या, हे ऋण मी नाकारत नाही. पण लहानपणापासून एकच ऐकलं: कृतज्ञ राहा. मिशनबद्दल, बोर्डिंगबद्दल, मिळेल त्या नोकरीबद्दल. इकडे 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत धर्माशी बांधली. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना ती मिळाली. आम्हाला नाही. केंद्राने नेमलेल्या रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्ये धर्माची अट काढा अशी शिफारस केली, त्यालाही किती वर्षं झाली बघा. गावाने आमची जात कधी विसरली नाही, कागदावर तेवढी ती पुसली. हे चर्चच्या किती व्यासपीठांवरून बोललं जातं? जो सतत आभार मानतो तो मागत नाही. आमच्या आशेची धार अशी बोथट केली गेली.

उपासक_नगर

आत्या, तुमचं मान्य. सवयीने मानलेले आभार खोटे असतात असं मी म्हणणार नाही, आडव्या पिकाच्या वर्षीची कणसं तर मुळीच नाही. हबक्कूक संदेष्टाही तेच म्हणतो: अंजीर फुललं नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. फक्त हे त्याने स्वतःबद्दल म्हटलं, शेजाऱ्याला ऐकवलं नाही. तुम्हीही स्वतःहून केलंत. माझा विरोध दुसऱ्यावर लादलेल्या आभाराला आहे.

निरीश्वर, तुमचा प्रश्न मोठा आहे. मी वाचलो म्हणून देव चांगला, असं म्हटलं तर अनंतशास्त्रींपुढे मला मान वर करता येणार नाही. ख्रिस्ती आशा मी वाचेन अशी नाहीच. ती पुनरुत्थानाची आहे, मेलेले पुन्हा उठतील अशी, म्हणजे जे बुडाले त्यांचीही. रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, तेव्हा त्या स्वतः थकलेल्या होत्या. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही, आणि 5 एप्रिल 1922 ला गेल्या. त्यांच्या विश्वासाला दुःखातून सुटकेचं बक्षीस मिळालेलं नव्हतं. हा विश्वास तुम्हाला पटवता येईल असा दावा मी करत नाही, पण मी ज्यावर उभा आहे ते हे आहे.

परिवर्तन, तुमच्या मुद्द्यावर मला वाद घालायचा नाही. पण एक विचारतो: देवाचे आभार मानणारा माणूस सरकारकडे हक्क मागू शकत नाही, हे कुठून आलं? मोशेची बहीण मिर्याम, तिने मिसरातून निघून समुद्र ओलांडल्यावर डफ वाजवून देवाची स्तुती केली. ते गुलामीतून सुटलेल्या लोकांचे आभार होते.

कोपरगाव_परिवर्तन

मिर्यामने समुद्र *ओलांडल्यावर* डफ वाजवला, उपासक. आम्ही अजून अलीकडच्या काठावर आहोत आणि आम्हाला डफ हातात दिला जातो.

परिचारिका_मिरज

मी वॉर्डात काम करते, म्हणून एवढंच. नैराश्यात असलेल्या माणसाला "आभार मान" सांगणारे नातेवाईक मी पाहते, आणि तो माणूस आणखी खचतो, कारण आता त्याला श्रद्धाही कमी पडल्याचा दोष लागतो. त्याला डॉक्टरकडे न्या, औषध चालू करा, शेजारी बसा. मी ख्रिस्ती आहे आणि ड्यूटीवर जाण्याआधी प्रार्थना करते. रुग्णाला मात्र तो विचारेपर्यंत वचन ऐकवत नाही.

उपासक_नगर

ताई, हे आमच्या पाळकसाहेबांना दाखवतो.

परिवर्तन, काठाचं तुमचं म्हणणं खरं आहे. आमच्या कापणीच्या सणाला उपासनेत आभाराच्या प्रार्थनेआधी विलापाचं स्तोत्र वाचावं आणि 1950 च्या आदेशाचा विषय नाव घेऊन प्रार्थनेत यावा, असा अर्ज मी पास्टरेट कमिटीला, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीला, लिहून देतो. विरोध होईल, "सणाच्या दिवशी राजकारण नको" म्हणतील. मिश्रा आयोगाच्या अहवालाचा मराठी सारांश तुमच्याकडे असेल तर पाठवा.

कोपरगाव_परिवर्तन

आहे, पाठवतो. सणाला मीही येईन. बोलायला उभं राहू दिलं तर बोलेन.

निरीश्वर_पुणे

पुनरुत्थान मला पटत नाही, आणि अनंतशास्त्रींचा प्रश्न माझ्यापुरता तसाच आहे. अर्जावर बिगरख्रिस्ती सह्या चालत असतील तर माझी घ्या.