तीस दिवसांच्या नोटिशीचा एवढा पुळका कुणाला?

सांजवात
परवा 'एक बाप' यांनी लिहिलं की विशेष विवाह कायद्यातली (१९५४ चा, धर्म न बदलता परधर्मीयाशी लग्न करू देणारा) लग्नाआधीची ३० दिवसांची नोटीस ही आईबापांच्या हातातली शेवटची काठी आहे, ती काढू नये, उलट नोटीस थेट मुलीच्या घरी धाडावी. खाली जो तो 'अगदी मनातलं बोललात' म्हणत होता. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

मी हिंदू, नवरा ख्रिश्चन. २००४ साली नोटीस दिली तेव्हा दोन्ही घरी सगळं माहीत होतं. रडारड, अबोला, सगळं होऊन गेलं होतं आणि बाबा हळूहळू वळत होते. मग विवाह नोंदणी कार्यालयाच्या फलकावर आमची नावं आणि पत्ते लागले. आठव्या दिवशी चार अनोळखी माणसं आमच्या दारात. 'तुमची मुलगी बाटतेय आणि तुम्ही झोपलात का?' त्या दिवसानंतर बाबांना माघार घ्यायला जागाच उरली नाही. घरातला प्रश्न गल्लीचा झाला. लग्नाला ते आले नाहीत.

म्हणजे नोटिशीने बापाला काही कळत नाही हो, बापाला आधीच माहीत असतं. कळतं ते गल्लीला. आणि हरकत तरी कशावर घेता येते? आधीचा जोडीदार हयात, वय कमी, मानसिक अक्षमता, निषिद्ध नातं. 'बापाला पसंत नाही' हे कारण १९५४ पासून आजपर्यंत त्या यादीत नाही. दोघंही हिंदू असतील तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने लग्न करा, कसलीच नोटीस नाही. त्यांच्या बापांना काठी नको वाटतं?

एक बाप
ताई, तुमच्या घरी माहीत होतं. माझ्या घरी नव्हतं. माझी मुलगी २६ वर्षांची. लग्न झाल्याचं मला शेजाऱ्याकडून कळलं, तेही जिन्यात. मी धर्मांध नाही. मुलगा मुसलमान आहे म्हणून नव्हे, मला विचारलं नाही म्हणून जिव्हारी लागलंय.

खारेदाणे
विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?

एक बाप
नाही म्हणालो असतो. पण विचारायला हवं होतं.

खारेदाणे
😂 धन्य!

कोपऱ्यातला
हसू नका. आमच्या घरी उलटं झालं. मी मुसलमान, बायको हिंदू. माझी अम्मी अडून बसली, आधी कलमा, मग निकाह. मी म्हटलं, कुणी काही बदलणार नाही, रजिस्टर करू. मामांनी तीन वर्षं सलाम घेतला नाही. असहिष्णुता म्हटलं की सगळी बोटं एकाच घराकडे वळतात, म्हणून सांगितलं. आमच्यातही भरपूर आहे. फक्त फलकावरची नावं वाचून कुणी आमच्या सासऱ्यांकडे गेलं, अम्मीकडे कुणी आलं नाही, एवढा फरक.

सांजवात
ख्रिश्चनांचंही ऐका मग. चर्चमध्ये लग्नाची परवानगी मिळत होती, पण मुलांचा बाप्तिस्मा करण्यासाठी सर्वतोपरी प्रयत्न करीन, असा शब्द नवऱ्याने द्यायचा. सासूबाई त्यावर अजून अडून आहेत. मुलगा आता १७ वर्षांचा आहे, त्यालाच विचारा म्हणते.

हिशेबनीस
भावना बाजूला ठेवा. मूळ मुद्दा जमिनीचा आहे, तो कुणी बोलत नाही. कलम १९ वाचा. एकत्र कुटुंबातल्या हिंदूने या कायद्याखाली परधर्मीयाशी लग्न केलं की तो कुटुंबातून तुटला. हक्क संपला. आमच्या बहिणीने २०११ मध्ये असंच लग्न केलं, आम्ही शांतपणे हक्कसोडपत्र करून घेतलं. भांडण नाही, तंटा नाही.

सातबारा_उतारा
थांबा थांबा. तुटला म्हणजे विभक्त झाला. वाटणी झाली असं कायदा मानतो. विभक्त होणाऱ्याचा हिस्सा त्याच्या पदरात पडतो, बुडत नाही! आणि कलम २० पण वाचा, वारसाहक्क शाबूत. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्माने हिस्सेदार. कुणी सांगितलं तुम्हाला हक्क संपला?

हिशेबनीस
आमच्या वकिलांनी. धर्म सोडला की हक्क जातो, हे पूर्वीपासून आहे.

सातबारा_उतारा
पूर्वीपासून म्हणजे १८५० च्या आधी. त्या वर्षीच्या कायद्याने ते गेलं, इंग्रज असताना. आणि या लग्नात धर्म सोडावाच लागत नाही, हाच तर कायद्याचा हेतू. १८७२ च्या कायद्यात 'मी अमुक धर्माचा नाही' असं लिहून द्यावं लागायचं, १९५४ ने ते काढलं. धर्मांतर केलं असतं तरी तिचा स्वतःचा वारसा गेला नसता. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळत नाही, एवढंच.

कोपऱ्यातला
आणि या लग्नानंतर आमच्या मिळकतीला भारतीय वारसा कायदा लागतो, १९२५ चा. बायको माझी वारस आहे. हे अम्मीला समजावायला सहा महिने लागले, पण समजलं तिला. हिशेबनीस, तुम्हाला समजतंय का?

हिशेबनीस
टोमणे नकोत. बहिणीने स्वखुशीने सही केली. कुणी हात धरला नव्हता.

सांजवात
'तुझा हक्क संपलाय, आता फक्त कागद करायचाय' असं सांगून घेतलेल्या सहीला स्वखुशी म्हणतात? किती जमीन?

हिशेबनीस
किती हा प्रश्न नाही. वडिलांना त्या लग्नाचा धक्का बसला, दोन वर्षांत गेले. ते कोण भरून देणार?

एक बाप
हिशेबनीस, मी तुमच्या बाजूचा आहे असं समजत होतो. पण बापाच्या धक्क्याची किंमत बहिणीच्या हिश्श्यातून वळती करून घेतलीत होय? माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही. तरी तिचं नाव मी कुठूनही काढलेलं नाही.

खारेदाणे
नोटिशीचं काय ठरलं मग? अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं की जोडप्याला नको असेल तर नोटीस प्रसिद्ध करायची नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय लग्नांसाठी सरकारने समन्वय समितीच काढली. आधी त्यात आंतरजातीयही होती, ओरड झाल्यावर ती वगळली. आंतरधर्मीय तेवढी ठेवली.

एक बाप
घरी नोटीस धाडावी हे मागे घेतो. फलकाचं अजून पटलेलं नाही.

सांजवात
तेवढं तरी.

हिशेबनीस
सातबारा_उतारा, एक विचारायचं होतं. चुकीचं सांगून हक्कसोडपत्र घेतलं असेल तर रद्द करायला मुदत किती?

सातबारा_उतारा
तीन वर्षं.

हिशेबनीस
मग २०१४ लाच संपली.

सातबारा_उतारा
सहीपासून नाही. खरं काय ते तिला कळल्या दिवसापासून, असा दावा तिला करता येतो. टिकेल की नाही ते कोर्ट बघेल. तिला कधी कळलं?

हिशेबनीस
अजून कळलेलं नाही.