मुलीच्या आतड्याचे मालरोटेशन: सोनोग्राफी आणि बेरियमचे अहवाल जुळत नाहीत, मार्गदर्शन हवे आहे

माझी मुलगी ६ वर्षांची आहे. गेल्या दीड वर्षात तिच्या पोटात चार वेळा जोरात दुखले. तीनदा जंत, अपचन अशी कारणे सांगून आम्हाला घरी पाठवले. चौथ्या वेळची उलटी पालकाच्या पाण्यासारखी हिरवी होती. मी मोबाइलवर काढलेला त्या उलटीचा फोटो पाहताच बालरोगतज्ज्ञांनी हातातले पेन खाली ठेवले आणि त्याच दिवशी सोनोग्राफी करवून घेतली.

आतड्याच्या मुख्य धमनीच्या उजवीकडे असायला हवी ती शीर हिच्यात डावीकडे आहे, असे त्यात आढळले. डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) शीर धमनीभोवती भोवऱ्यासारखी गुंडाळलेली मात्र दिसली नाही, म्हणजे त्या वेळी पीळ पडल्याची खूण नव्हती. गर्भात आतडे या धमनीभोवती २७० अंश फिरून आपल्या जागी बसते, ते फिरणे अपुरे राहिले असावे, यालाच मालरोटेशन म्हणतात, असे आम्हाला समजावण्यात आले.

पुढे बेरियम झाले, म्हणजे बेरियमचे पांढरे पाणी पाजून क्ष-किरणांवर आतड्याचा मार्ग पाहिला. ते पांढरे पाणी तिने अर्धे प्यायले आणि अर्धे फ्रॉकवर सांडले. ड्युओडेनम (जठरानंतरचा लहान आतड्याचा पहिला भाग) संपून पुढचे आतडे सुरू होते ते वळण कण्याच्या डावीकडे हवे. अहवालात ते ‘कण्यावर, अनिश्चित’ आहे आणि सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) जागेवर आहे. शेवटी ‘लक्षणांशी ताडून पाहावे’ असा शेरा आहे. आता लक्षणे घेऊनच तर आम्ही तिथे गेलो होतो!

एका सर्जनांच्या मते दुर्बिणीतून पाहून, गरज पडल्यास लगेच लॅड शस्त्रक्रिया करावी, म्हणजे आतड्यावरचे पट्टे कापून त्याचा अरुंद पाया रुंद करावा. दुसरे डॉक्टर बेरियम पुन्हा करायला सांगतात.

जाणकारांना, विशेषतः बालशल्यविशारद आणि रेडिओलॉजिस्ट यांना, माझे प्रश्न असे आहेत. पहिल्या बेरियममध्ये कुशीवरून एकही छबी घेतलेली नाही. ती घेतल्यास वळणाची जागा नक्की होईल का? ड्युओडेनमचा तिसरा भाग महाधमनी आणि आतड्याची धमनी यांच्यामधून जातो की नाही, हे सोनोग्राफीत पाहिले तर पुन्हा क्ष-किरण टाळता येतील का? आणि सीकम जागेवर असल्याने मालरोटेशन नाही असे धरता येते का?

पुन्हा हिरवी उलटी झाली तर उत्तरांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे, हे आम्हाला बजावलेले आहे. तूर्त ती शाळेत जाते, व्यवस्थित जेवते, आणि म्हणूनच निर्णय घेणे अवघड झाले आहे.