दारावर नोटीस चिकटवली आहे. सोलापूर कोर्टातून स्टे मिळेल का?

टॉवेलवाला_जुळे_सोलापूर
नमस्कार. २०१७ ला जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. कर्ज १४ लाख, हप्ता १४,२००, सहकर्जदार वडील. अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये माझे चार माग होते, टॉवेल जॉबवर काढायचो. पार्टीने पैसे बुडवले, माग भंगारच्या भावात गेले. सात हप्ते थकलेत.

बँकेची रजिस्टर पत्रं यायची. सही केली की अडकलो, असं वडिलांचं म्हणणं, म्हणून पोस्टमनला दोनदा परत पाठवलं. १८ दिवसांपूर्वी दोघं आले, दारावर कागद चिकटवला, फोटो काढला. मग पेपरात नावासकट छापून आलं. दर सोमवारी सिद्धेश्वराला जाणारी आई आता भाजीलासुद्धा पलीकडच्या गल्लीतून जाते.

एक एजंट म्हणतो, ४० हजार द्या, इथल्या कोर्टातून स्टे आणतो. द्यावेत का? की बायकोच्या पाटल्या मोडून दोन हप्ते भरू?

निवृत्त_वसुलीवाला
एजंटला चहासुद्धा पाजू नका. हे प्रकरण अजून कोर्टात गेलेलंच नाही. सरफेसी कायदा, २००२. त्यात बँक कोर्टाची पायरी न चढता तारण ताब्यात घेते, आणि कलम ३४ मुळे दिवाणी कोर्टाला त्यात मनाई देता येत नाही. मग तो स्टे आणणार कुठून?

परत पाठवलेलं पत्र कायद्याने मिळालंच असं धरतात. ती ६० दिवसांची मागणी नोटीस होती. तेव्हा लेखी हरकत घेतली असती, तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागलं असतं. ती संधी वडिलांनी पोस्टमनबरोबर परत पाठवली. रागावू नका, मी वसुलीत होतो तेव्हा दहातली सहा घरं हेच करायची.

दारावरचा कागद म्हणजे प्रतीकात्मक ताबा, म्हणजे नुसता कागदोपत्री; राहता अजून तुम्हीच. घराबाहेर काढायला बँकेला जिल्हादंडाधिकाऱ्यांचा नाहीतर मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तो झाला की तहसीलदार किंवा कोर्टाचा माणूस पोलीस घेऊन येतो. नुसते वसुली एजंट कुलूप लावायला आले तर आदेश मागा.

दोन हप्त्यांसाठी पाटल्या मोडू नका. सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं एनपीएतून, म्हणजे बुडीत धरलेल्या कर्जांच्या यादीतून, बाहेर निघत नाही.

हुतात्माने_पुणे
मी यातून गेलोय. दाद मागायची ती पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात, कलम १७ खाली, ४५ दिवसांत. तुमचे १८ गेले, राहिले २७. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून किती खेपा घातल्या ते मोजलं नाही, डबा मात्र दर वेळी शेंगाचटणी-भाकरीचा. पण तिथे ‘धंदा बसला’ हे कारण चालत नाही. नोटिशीत, रकमेत चूक असेल तरच वकील लावा. माझ्या नोटिशीत भरलेले तीन हप्ते धरलेच नव्हते, म्हणून निभावलं.

निवृत्त_वसुलीवाला
बरोबर. आणि फ्लॅट जाणारच असं दिसत असेल तर स्वतः विका. मागणी नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही, तेव्हा आधी अर्ज द्या. लिलावात भाव पडतो. लिलावाची जाहिरात निघेपर्यंत सगळं येणं खर्चासकट भरलं तर घर सुटतं. जाहिरात निघाली की तो हक्क गेला. विकून बँकेचं फिटल्यावर उरलेला पैसा तुमचाच.

टॉवेलवाला_जुळे_सोलापूर
एजंटचा फोन उचलला नाही. खाते उतारा काढला, भरलेले हप्ते सगळे धरलेत, म्हणजे पुण्याला जाण्यात अर्थ नाही. खालच्या मजल्यावरचे काका १९ लाखांपर्यंत घ्यायला तयार आहेत. संमतीचा अर्ज आज शाखेत दिला, पोच घेतली. वडील सोबत होते, सही त्यांनीच आधी केली. मॅनेजर सोमवारी बोलावतो म्हणाला.

निवृत्त_वसुलीवाला
सोमवारी काकांनाही घेऊन जा. आणि बँकेचं नेमकं येणं किती, ते त्या दिवसापर्यंतच्या व्याजासकट लेखी मागा.