फर्मागुढी-फोंड्यात जेवायचं कुठे? स्टार बघून जाऊ नका (चर्चा)

अंत्रुजकर:
दर जुलैत हाच प्रश्न येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मित्राच्या पुतण्याला गोव्यात, फोंड्याजवळच्या फर्मागुढीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. सावंतवाडीचा पोरगा. सामान बांधायच्या आधी त्यानं मोबाइलवर चौदा हॉटेलांची यादी केली होती, रेटिंगच्या उतरत्या क्रमानं. पहिल्या पाचातली तीन मंगेशी-म्हार्दोळच्या रस्त्यावरची, जिथे पर्यटकांच्या बसगाड्या थांबतात. तिथे पाच स्टार देणारा माणूस देवदर्शन उरकून, मसाल्याची बाग बघून भुकेनं कावलेला असतो आणि आयुष्यात परत तिथे जेवायला येणार नसतो. तुम्हाला महिन्याचे पंचवीस दिवस जेवायचंय. त्याचे स्टार तुमच्या काय कामाचे?

माझं म्हणणं, फोंड्यात जागेच्या आधी वेळ बघावी. सकाळी आठला वरच्या बाजारात उतरा. मिक्स भाजी सांगितली की बशीत एका बाजूला बटाट्याची सुकी आणि तिच्यावर वाटाण्याची नाहीतर अळसांद्याची (चवळीची) पातळ, रस बशीच्या काठाला आलेला. सोबत साधा पाव घ्या, पोई (कोंड्याचा पाव) मिळाली तर पोई. दहाच्या सुमाराला वेटर म्हणतो, "भाजी सोंपली." हा शब्द ज्या हॉटेलात ऐकू येतो तिथे दुसऱ्या दिवशी डोळे मिटून जा. दुपारी चारलाही तीच पातळ भाजी मिळत असेल, तर ती सकाळपासून कितीदा उकळली याचा हिशोब तुम्हीच करा.

आणि विचारायचं कुणाला? पाव घालणाऱ्या पोदेराला, कदंबच्या कंडक्टरला, कॉलेजच्या शिपायाला. ही माणसं रोज बाहेर खातात, आणि स्वतःच्या पैशानं.

कोल्हापूरचा_पाहुणा:
दादा, वाचायला झकास आहे, पण हे सगळं फोंड्यात जन्मलेल्या माणसाचं शहाणपण झालं. मी दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर. सकाळी आठला आम्ही आंघोळीच्या रांगेत असतो. खाली फोंड्यात जाऊन भाजी खाऊन परत वर पठारावर यायचं, तर पहिलं लेक्चर गेलंच. आणि पोदेराला विचारायचं कोणत्या भाषेत? पहिल्या महिन्यात मला "कितें जाय?" (काय हवं?) एवढंच कळायचं, त्याचं उत्तरही देता यायचं नाही.

माझा किस्सा ऐका. आमच्या घरी अंडं चालतं, मटण-चिकन नाही. हो, कोल्हापूरचा असून. हसून घ्या. सीनियरला विचारलं, रात्री स्वस्तात काय खाऊ? तो म्हणाला, रस ऑम्लेट, डोळे झाकून. गेलो. दोन अंड्यांचं ऑम्लेट, त्याच्यावर डावभर गरम रस, वर मूठभर बारीक कांदा, लिंबाची फोड, दोन पाव. मला वाटलं, ही आपल्या कटासारखी खोबऱ्याची आमटी. पाच आठवडे खाल्लं, आठवड्यातून चारदा. सहाव्या आठवड्यात पावाखाली हाड लागलं.

तो रस चिकन शाकुतीचा असतो, हे सांगायचं त्या सीनियरच्या मनातही आलं नाही. त्याच्या लेखी ते जगजाहीर होतं. स्थानिकाला विचारण्यात हीच गोम आहे: त्याला जे सगळ्यांनाच माहीत असल्यासारखं वाटतं तेच तो सांगत नाही. कुणा परक्यानं ऑनलाइन एक ओळ लिहिली असती, "रस मांसाहारी आहे", तर माझे पाच आठवडे वाचले असते. म्हणून मी स्टार बघत नाही, पण एक-स्टारवाल्यांचं म्हणणं मात्र नेमानं वाचतो. चिडलेला माणूस तपशील देतो.

अंत्रुजकर:
हाडाचं वाचून चहा सांडला. मान्य, शंभर टक्के मान्य. आम्हाला रस म्हटलं की शाकुतीच दिसते. काही गाड्यांवर चण्याचा रसही मिळतो, पण आधी विचारावं लागतं. "चिकनाचो काय चण्यांचो?" एवढं वाक्य पाठ करून ठेव.

चिडलेल्याच्या तपशिलावर मात्र माझा भरवसा नाही. एकानं एका साध्या खानावळीला एक स्टार दिलाय, कारण काय, तर सोमवारी मासे नव्हते. अरे बाबा, हा देवळांचा तालुका. सोमवारी अर्धा फोंडा शिवराक, म्हणजे शाकाहारी असतो. त्या दिवशी तिथलं मिश्र भाज्यांचं खतखतं आणि भाताबरोबरची कापं खाल्ली असतीस तर पाच दिले असतेस.

सांगलीचे_पालक:
मुलाला सोडायला मागच्या आठवड्यात आलो होतो. गोव्यात आलोय तर मासे खाऊ, म्हणून दोघे थाळी खायला बसलो. बांगडा बर्फातला, कोरडा, चव नाही. पोरगा म्हणाला, बाबा, इथे मी मासे खाणारच नाही. आता चार वर्षं काय करणार हा?

अंत्रुजकर:
साहेब, यावर लिहायचंच होतं, बरं झालं विषय काढलात. १ जून ते ३१ जुलै गोव्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा हा काळ. महाराष्ट्र आणि कर्नाटकातही त्याच तारखा, म्हणजे शेजारूनही ताजं येत नाही. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिलला लागते आणि १४ जूनला उठते, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडची मासळी बर्फात घालून इकडे यायला लागते. तुमच्या ताटातला बांगडा बहुधा त्यातला, नाहीतर शीतगृहातला. आणि कॉलेजं उघडतात नेमकी याच काळात! नव्या पोरांची पहिली फिश थाळी वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात होते आणि तीवरून ते चार वर्षांचं मत बनवून मोकळे होतात.

आत्ता खायचंच असेल तर तिसऱ्यांचं सुकं किंवा सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किस्मूर घ्यावी. नाहीतर नदीतलं काही आलंय का विचारावं. बांगड्याचा निकाल ऑगस्टच्या मध्यानंतर लावा.

म्हापसेकार:
चवीच्या गप्पा पुरे झाल्या. जुलै २०१८ मधलं, मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरल्याच्या संशयाचं प्रकरण विसरलात काय? मडगावच्या घाऊक बाजारात तपासणी झाली, बाहेरची मासळी काही काळ बंद करावी लागली. तोही जुलैच होता. गोबी मंच्युरियनचं तर आमच्या म्हापशाला विचारा. २०२४ च्या सुरुवातीला, बोडगेश्वराच्या जत्रेच्या निमित्तानं विषय निघाला आणि पालिकेनं गोबीच्या गाड्यांवर बंदी आणली. कारण तो लालभडक रंग आणि अस्वच्छता. पाठोपाठ मार्चमध्ये कर्नाटकानं गोबीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. पोदेर आणि कंडक्टर हे सांगणार आहेत का? भिंतीवर चौदा आकडी परवाना नंबर आहे की नाही बघा, पाणी कुठलं ते बघा, मग भाजीचं कौतुक करा.

कोल्हापूरचा_पाहुणा:
परवान्याची चौकट आमच्या मागच्या मेसमध्येही होती, काचेत, हार घालून. त्या मेसचं नाव घेत नाही. महिन्याचे पैसे आगाऊ, पंधरा दिवस रोज तीच दुधी भोपळ्याची भाजी. सोळाव्या दिवशी तक्रार केली तर दुधीत चणाडाळ आली.

गाड्याची_लेक:
इतके दिवस नुसतं वाचत होते. आमचा गाडा आहे. कुठे ते सांगणार नाही, आणि तेच सांगायला आलेय.

आई दुपारी दोनला नारळ किसायला बसते. रोज आठ नारळ. खोबरं तांबूस होईपर्यंत भाजायचं, मग खसखस, धणे, मिरी, दगडफूल वेगवेगळं भाजून वाटायचं. एका टोपात साठेक प्लेटी होतात. साडेनऊला टोप रिकामा, पपा गाडा पुसून घरी. वीस वर्षं असंच चाललंय.

गेल्या वर्षी एका मुलानं रील टाकली. चांगल्या मनानंच टाकली असेल. त्या शनिवारी रांग थेट रस्त्यावर आली. आठलाच टोप संपला, माणसं उभीच. पपांनी भिडेखातर दुसरा टोप चढवला, त्याला वाटण पुरलं नाही, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा कॉर्नफ्लॉवर लावलं. रोजचे एक रिक्षावाले काका आहेत, त्यांनी एक घास खाल्ला आणि हळूच म्हणाले, "आज रस कसो वेगळोच." पपा त्या रात्री जेवले नाहीत.

तीन आठवड्यांत रीलवाली गर्दी गेली. पण "पूर्वीची चव राहिली नाही" असे दोन-दोन स्टार मागे ठेवून गेली. रिक्षावाले काका परत यायला गणपती उजाडले. तेव्हा आवडलं तर मित्राला घेऊन या, यादीत घालू नका. अंत्रुजकरबाब, तुम्ही नावं लिहिली नाहीत याबद्दल आभार.

कोल्हापूरचा_पाहुणा:
ताई, वाचून वाईट वाटलं. तरी तुमच्याशी पटत नाही, राग मानू नका. तुमचा गाडा रोज भरतो म्हणून तुम्हाला लपून राहणं परवडतं. आमच्या गेटजवळच्या गाड्याचं बघा. एनआयटी इथून कुंकळ्ळीला गेलं आणि त्याची निम्मी पोरं एका वर्षात गेली. आता राहिलो आम्ही आणि आयआयटीवाले, त्यातल्या बऱ्याच जणांचं जेवण मेसमध्येच. त्या माणसाचं नाव कुणी यादीत घातलं तर त्याला हवंच आहे, त्यानं स्वतः मला सांगितलंय. मित्राला घेऊन या म्हणता, पण ज्याला इथे अजून मित्रच नाहीत त्यानं काय करायचं? पहिल्या महिन्यात उपाशी राहणारा तोच असतो.

गाड्याची_लेक:
त्याला विचारून घालता ना, मग घाला की. आम्हाला कुणी विचारलं होतं?

म्हापसेकार:
हे बरोबर. रील काढायच्या आधी मालकाला विचारायला जीभ झडते काय.

हॉस्टेलची_पोर:
सगळ्यांचं वाचलं. आता माझं ऐका. मी पेडण्याची, म्हणजे कोंकणीची अडचण नाही, मासे कळतात, रस कशाचा तेही कळतं. तरी दोन वर्षांत मी गाड्यावर उभी राहून एकटी तीनदाच खाल्लंय.

लायब्ररी सुटल्यावर साडेआठ होतात. हायवेच्या कडेला गाडा, उजेड फक्त गाड्यावरच्या एका बल्बाचा, भोवती बाईकवर बसलेले वीस मुलगे. कुणी काही बोलत नाही, खोटं कशाला सांगू. पण ऑम्लेट येईपर्यंतची सात मिनिटं मोबाइलमध्ये बघत काढावी लागतात. शेजारी जे "फॅमिली रेस्टॉरंट" असतं त्याचा अर्धा भाग बार. राहिलं काय, तर पॅकेटमधले नूडल्स.

पोदेर, कंडक्टर, शिपाई, रिक्षावाले काका. धागा परत वाचून बघा, विचारायचं कुणाला याच्या यादीत एक तरी बाई आहे का? मी जागा शोधते ती ऑनलाइन फोटोंतून. जेवणाचे फोटो सोडून देते, मागची टेबलं बघते. मागे एखादी मुलगी एकटी बसलेली दिसली की ती जागा माझी. अशा दोन सापडल्या, दोन्ही उडुपी. मसाला डोसा, बन्स, चहा. चाळीस मिनिटं पुस्तक उघडून बसलं तरी उठवत नाहीत. गोंयचं जेवण हवं, गोंयचं जेवण हवं म्हणता, पण मला गोंयचं जेवण फोंड्यात रात्री साडेआठला बसून कुठे मिळतं ते सांगा. एकटीला. बार नसलेलं.

सांगलीचे_पालक:
माझी धाकटी पुढच्या वर्षी बारावीला. उत्तर मिळालं तर मलाही हवंय.

अंत्रुजकर:
दुपारचं विचारलंस तर सहा नावं तोंडावर आहेत. सकाळचं तर विचारूच नकोस. रात्रीचं... तिस्कावर एक होतं, बंद झालं. ढवळीला एक आहे, तिथे आत बार. थांब, घरी बायकोला विचारतो. ती आमच्याच कॉलेजची, माझ्या मागच्या बॅचची.

कोल्हापूरचा_पाहुणा:
आमच्या गेटजवळच्या गाडेवाल्याला बाकडं टाकायला आणि दुसरी ट्यूब लावायला सांगतो. खर्च शे-दोनशेचा असेल. बाकी आम्ही वीस जण जरा लांब उभे राहू, हे मात्र त्याच्या नाही, आमच्या हातात आहे.

हॉस्टेलची_पोर:
बाकडं टाकलंत की सांगा. फोटोत दिसेल असं टाका.

अंत्रुजकर:
घरी विचारलं. कॉलेजच्या चार वर्षांत तिनं गाड्यावर रस ऑम्लेट एकदाही खाल्लं नव्हतं. तिचा भाऊ स्टीलच्या डब्यात रस आणून द्यायचा आणि ऑम्लेट ती घरी करायची. लग्नाला अकरा वर्षं झाली, मला हे आज कळलं. वर मीच तिला दर शनिवारी सांगत आलोय की गाड्यासारखी चव घरी येत नाही.

हॉस्टेलची_पोर:
आणि जागेचं नाव, दादा?

अंत्रुजकर:
नाही सापडलं.