उत्तर: इंडेक्सेशन करताना प्रत्येक खर्चाचे वर्ष वेगळे

डिसेंबर २०२४ मध्ये विकलेल्या फ्लॅटच्या नफ्यावरचा कर काढताना, प्रश्न विचारणाऱ्याने इंडेक्सेशनसाठी (म्हणजे महागाई निर्देशांकानुसार जुना खर्च वाढवून धरण्यासाठी) खरेदी २० लाख (२००५-०६) आणि वाढीव बांधकाम ५ लाख (२०१२-१३) एकत्र करून ३६३/११७ ने गुणलंय. तसं चालत नाही. प्रत्येक खर्चाला त्याच्याच वर्षाचा निर्देशांक लागतो (२००५-०६ चा ११७, २०१२-१३ चा २००, विक्रीच्या २०२४-२५ चा ३६३).

खरेदी: २० × ३६३/११७ = ६२.०५ लाख. बांधकाम: ५ × ३६३/२०० = ९.०८ लाख. डिसेंबर २०२४ मध्ये विक्री ८० लाखांना, म्हणजे नफा ८.८७ लाख आणि २० टक्क्यांनी कर साधारण १.७७ लाख. इंडेक्सेशनशिवाय नफा ५५ लाख, १२.५ टक्क्यांनी ६.८८ लाख. सेस वेगळा. (रंगरंगोटी, किरकोळ दुरुस्ती यात धरू नका, आणि बिलं नसतील तर बांधकामाचाही आग्रह धरू नका.)

मात्र या दोन्हींतला कमी कर निवडण्याची मुभा फक्त निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला, तीही २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीपुरती. सहमालक भाऊ अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्याला ती लागू नाही. शिवाय इंडेक्सेशनने तोटा निघाला तर कर शून्य, पण तो तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत नाही. लोक नेमके इथेच फसतात.

१ एप्रिल २००१ पूर्वीची मिळकत असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव मूळ किंमत म्हणून घेता येतो, पण मुद्रांक शुल्काच्या मूल्यांकनापेक्षा जास्त नाही.